मिसळण आणि मोल



‘कचरा’ हें जणूं एखाद्या पदार्थाचेंच नांव असावें, अशा रीतीनें आपण तो शब्द वापरतों. वास्तविक असा पदार्थ सृष्टींत नाहीं. तांबें, कागद, लोकर, कांच, फळांच्या साली हीं सारीं निरनिराळ्या गुणांचीं द्रव्यें होत. तीं एका टोपलींत पडलीं म्हणजे त्यांचीं नांवें पुसलीं जातात आणि उरतो तो कचरा. टाकलेल्या वस्तूचें मोल ती किती जुनी झाली यापेक्षां ती किती मिसळली यावरच अधिक अवलंबून असतें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम धातु घेऊं. खनिजापासून ॲल्युमिनियम काढण्यास विजेचा प्रचंड व्यय होतो. पण जुनें ॲल्युमिनियम वितळवून पुन्हां उपयोगांत आणण्यास त्याच्या सुमारें ५ टक्केच शक्ति पुरते. पोलादहि असेंच पुनःपुन्हां वितळवितां येतें. मात्र भंगाराबरोबर तांब्याच्या तारा भट्टींत गेल्या, तर तें तांबें पोलादांतून काढण्याचा सोपा मार्ग नाहीं. आणि त्याचें प्रमाण वाढलें कीं तापलेलें पोलाद लाटतांना त्याला चिरा पडतात. दोन्ही धातु मोलाचे, पण मिसळतांच एक दुसऱ्यास बाधक होतो.

कापडाचाहि न्याय हाच. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत, बॅटली येथें, बेंजामिन लॉ यानें १८१३ च्या सुमारास जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांचें नवें सूत काढण्यास आरंभ केला. आपल्या देशांत हरियाणांतील पानिपत हें या धंद्याचें मोठें केंद्र आहे. तेथें जुन्या कपड्यांचीं बटणें व अस्तरें काढून लोकरीची रंगवार निवड करतात. तांबडी लोकर तांबड्यांतच राहिली, म्हणजे त्या सुताला निराळा रंग द्यावा लागत नाहीं. परंतु कापूस व कृत्रिम धागा एकत्र विणलेला असला, तर ते विलग करणें फार कठीण. म्हणून वस्तूची रचना ठरविणारानेंच तिच्या अखेरीचा विचार करावयास हवा. कापड एकाच धाग्याचें असावें. यंत्राचे भाग चिकटविण्याऐवजीं सुटे करतां येतील असे जोडावे.

मिसळलेलें पुन्हां निवडण्याचें काम आपल्या शहरांत बहुतांशीं गरीब स्त्रियांच्या वांट्यास आलें. पुण्यांत १९९३ मध्यें ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरा वेंचणारांची संघटना उभी राहिली. पुढें २००८ मध्यें महापालिकेशीं करार करून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा नेऊं लागली. आमटीनें भिजलेल्या कागदाला भंगारवाला दाम देत नाहीं, आणि तो तोटा वेंचणारीला सोसावा लागतो. पिशवींत दडलेली फुटकी कांच तर तिचाच हात कापते.

२०१६ च्या घनकचरा नियमांनीं ओला, सुका व घातक असा कचरा घरींच वेगळा करण्याचें कर्तव्य प्रत्येक कुटुंबावर सोपविलें. त्यांत नियमापेक्षां विवेकाचा भाग मोठा आहे. ओलें ओल्यांत टाकावें, कागद कोरडा ठेवावा, फुटकी कांच जाड कागदांत गुंडाळून त्यावर तशी खूण करावी. स्वयंपाकघरांत यास क्षणभर पुरतो. तेंच काम उकिरड्यावर करणारीचा सारा दिवस जातो.