हिरवा दिवा आणि माझी सही

चौलला आमच्या वाडीत पुतण्याने दोन वर्षांपूर्वी लॉज बांधला. नुसत्या नारळ-सुपारीवर घर चालायचे दिवस सरले. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात आणि बाराही खोल्या भरतात. बांधकाम पुरे झाले तेव्हा हौसेने सगळे दाखवता दाखवता तो जिन्याच्या तोंडाशी थांबला. "काका, हे बघा, तुमच्या धंद्यातलं!" दारावर हिरवी पाटी होती, तीवर पळणारा माणूस आणि बाण. छान उजळली होती. मी "छान" म्हणालो आणि गप्प बसलो. का, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल.

मुंबईच्या एका मोठ्या व्यापारी इमारतीत मी बरीच वर्षे विजेच्या देखभालीला होतो. प्रत्येक मजल्यावर जिन्याकडे नेणाऱ्या अशाच पाट्या, आणि माझ्याकडे एक वही. महिन्यातून एकदा मजले फिरायचे, पाटी पेटलेली दिसली की 'चालू' लिहायचे आणि सही करायची. अक्षर माझे चांगले होते. साहेब वहीची तारीफ करीत.

एका पावसाळी संध्याकाळी इमारतीचा मुख्य पुरवठा गेला. आग नाही, धूर नाही, नुसता अंधार. त्या मिनिटाला माझ्या वहीतल्या 'चालू' पाट्यांपैकी निम्म्याहून अधिक विझल्या. उरलेल्यांतल्या काही निखाऱ्यासारख्या लाल होऊन गेल्या. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर एक बाई पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. त्यांना खाली आणताना माझ्या हातात बॅटरी होती आणि डोक्यात ती वही.

चूक अगदी साधी होती. पाटी रोज पेटते ती भिंतीतल्या विजेवर. तिच्या पोटातली बॅटरी त्या वेळी फक्त चार्ज होत असते, काम करीत नाही. बॅटरी मेली तरी पाटी तितकीच हिरवी दिसते. म्हणजे पेटलेली पाटी बघून 'चालू' लिहिणे हे छत्री खुंटीला दिसली म्हणून ती गळत नाही असे मानण्यासारखे झाले. वीज तोडून बघितल्याशिवाय कळत नाही. पाटीखालचे टेस्ट बटण त्यासाठीच असते, पण तेही क्षणभर दाबून भागत नाही. मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा अर्धा मिनिट उसने अवसान आणते. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत हे दिवे किमान दीड तास चालले पाहिजेत असे म्हटले आहे. म्हणून महिन्याला थोडा वेळ आणि वर्षातून एकदा पुरा दीड तास, घड्याळ लावून. कंटाळवाणे काम आहे. ऑफिस सुटल्यावर थांबावे लागते आणि त्याचा ओव्हरटाइम मागितला तर कपाळाला आठ्या पडतात.

या अंधाराची किंमत आपल्या देशाने मोजलेली आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 'बॉर्डर'चा दुपारचा खेळ चालू असताना तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला. धूर बाल्कनीत चढला आणि दिवे गेले. उजव्या बाजूची वाट जादा खुर्च्यांनी बुजवलेली होती, दाराला कडी होती आणि संकटकाळचे दिवे नव्हते. ५९ माणसे गेली, तीही मुख्यतः धुराने गुदमरून. पुढे २९ डिसेंबर २०१७ च्या पहाटे, मध्यरात्र नुकती उलटली असताना, मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागली. १४ जण गेले आणि त्यांतले बरेच स्वच्छतागृहात सापडले. दोन्हीकडे कारणे अनेक होती, नुसत्या दिव्यांवर बोट ठेवता येणार नाही. पण घाबरलेल्या माणसाला वाट दिसली नाही तर तो मिळेल त्या दारात शिरतो, एवढे खरे.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचा दाखला द्यायचा असतो. दाखल्याला माझा विरोध नाही. मात्र दाखला म्हणजे पुन्हा सहीच, आणि सही कशी होते ते मला ठाऊक आहे.

चौलची गोष्ट आणखी वेगळी. इथल्या खाऱ्या वाऱ्यात पितळेला महिन्यात हिरवट पुटे चढतात, मग बॅटरीच्या टोकांना कोण सोडतो! त्यात उकाडा. शिशाची बॅटरी गरम जागी निम्म्या आयुष्यातच म्हातारी होते आणि जिन्याच्या माथ्याला, पत्र्याखाली, तेवढे गरम असतेच. विजेचे जाणे-येणे तर पाचवीला पुजलेले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, खांब आडवे झाले आणि इकडची गावे कितीतरी दिवस अंधारात होती. आम्हाला अंधाराची सवय आहे, पण ती स्वतःच्या घरातल्या अंधाराची. काल रात्री खोलीत उतरलेल्या पाहुण्याला जिना उजवीकडे की डावीकडे हेही नीट आठवत नसते.

तर यंदाच्या मे महिन्यात, पाहुणे समुद्रावर गेलेले बघून, मी पुतण्याला म्हटले, "मेन बंद कर."

"काका, फ्रीजमध्ये मासळी आहे!"

"दीड तासात मासळी नासत नाही. बंद कर."

खिडक्या लावून, पडदे ओढून आम्ही दोघे जिन्याच्या पायरीवर बसलो. खालची पाटी चांगली होती. मधल्या मजल्यावरची अकराव्या मिनिटाला मंद झाली आणि विसाव्याला गेली. सगळ्यात वरची, पत्र्याखालची, पेटलीच नव्हती. पुतण्या मोबाइलच्या उजेडात वर चढला, पाटीवर दोनदा टिचकी मारून परत आला आणि माझ्या शेजारी बसला. "वायरमन तर मागच्याच महिन्यात बघून गेला," तो म्हणाला. "वहीत लिहिलंय त्यानं."

"काय लिहिलंय?"

"चालू."

खालच्या पाटीचे पासष्ट मिनिटे उरली होती. आम्ही तसेच बसून राहिलो.