घरून काम : लाभ कोणाला?

शांघायच्या 'सीट्रिप' या प्रवासी कंपनीने २०१० साली, फोनवर काम करणाऱ्यांपैकी तयार असलेल्यांची विभागणी केली. सम जन्मतारखेचे आठवड्यातले चार दिवस घरून, विषमवाले कचेरीतून. नऊ महिन्यांत घरच्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. आजारपणाच्या रजा घटल्या, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. मालकाचे जागाभाडेही वाचले! पुढे ज्याला जसे हवे तसे निवडू दिले, तेव्हा लाभ २२ टक्क्यांवर गेला. मात्र एकटेपणाला कंटाळून बरेच जण कचेरीत परतले.

आणखी एक अट होती : घरात स्वतंत्र खोली. दहा बाय दहाच्या घरातल्या आपल्या लेकीसुनांनी ती कुठून आणावी? वाचलेल्या भाड्यातून मालकाने निदान त्यांचे वीजबिल तरी भरावे, असे आम्हांस वाटते.