कौल, काळ आणि पहिले पान

महाजालावर काही नवे, वाचनीय हाती लागावे म्हणून धडपडणाऱ्या मंडळींना रेडिट किंवा हॅकर न्यूज यांसारखी वाचकांच्या कौलावर चालणारी संकेतस्थळे आता अपरिचित राहिलेली नाहीत. कोणीही एखादा दुवा सादर करावा, इतरांनी त्यास मत द्यावे आणि त्या मतांवरून त्याचा क्रम लागावा, ही तेथील सर्वसाधारण रीत. ती इतकी सरळ दिसते, की तिच्याविषयीचे गैरसमजही वर्षानुवर्षे बिनतक्रार नांदत आले आहेत.

त्यांतील सर्वांत दृढमूल समज असा, की ज्याला मते अधिक तो दुवा अग्रभागी. वस्तुतः मतांइतकाच काळाचाही तेथे अंमल चालतो. पॉल ग्रॅहॅम यांनी २००७ साली सुरू केलेल्या हॅकर न्यूजचे जे सूत्र प्रसिद्ध झाले, त्यात सादरकर्त्याचे स्वतःचे एक मत वजा करून उरलेल्या मतांना भागावयाचे असते, आणि भाजक मिळतो तो दुव्याचे तासांतील वय घेऊन, त्यात दोन मिळवून, त्या बेरजेचा १.८ वा घात काढून. हिशेब मांडून पाहावा, म्हणजे बारा तासांपूर्वी आलेल्या आणि २०० मते मिळवून बसलेल्या दुव्याला दोन तासांपूर्वीचा अवघ्या २५ मतांचा दुवा मागे सारतो असे आढळते. रेडिटच्या, एके काळी सर्वांस खुल्या असलेल्या, आज्ञावलीतील ‘हॉट’ क्रमवारीची तऱ्हा निराळी. तेथे मतांचा लॉगरिदम घेतला जात असल्यामुळे पहिल्या दहा मतांचे जे वजन, तेच पुढील नव्वदांचे. आणि साडेबारा तास उशिरा आलेला दुवा दहापट मते मिळवलेल्या जुन्या दुव्याशी बरोबरी करतो. अशा पानास गुणवत्तेची यादी मानणे हा त्या पानावरच अन्याय होय, कारण तसा दावा त्याच्या सूत्रात कोठेही नाही.

दुसरा समज सात्त्विक आहे, आणि म्हणूनच अधिक फसवा: वस्तू चांगली असली की ती आपोआप वर येतेच. एरिक गिल्बर्ट या संशोधकाने २०१३ साली रेडिटवरील अत्यंत लोकप्रिय ठरलेल्या दुव्यांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांपैकी ५२ टक्के दुवे प्रथम सादर झाले त्या वेळी उपेक्षित राहिले होते असे निष्पन्न झाले. दुवा तोच, परंतु पहिल्या खेपेस त्याची दखल कोणी घेतली नव्हती. त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात मुचनिक, अरल आणि टेलर यांनी याच जातीच्या एका संकेतस्थळावरील प्रयोगाचा वृत्तान्त दिला. एक लाखाहून अधिक प्रतिक्रिया घेऊन, त्यांतील काहींना जन्मतःच, कोणताही गुणदोष न पाहता, एक अनुकूल मत देण्यात आले. त्या एका मतामुळे अखेरची गुणसंख्या सरासरी २५ टक्क्यांनी फुगली. उलटपक्षी, तितक्याच निष्कारण दिलेले प्रतिकूल मत मात्र पुढील वाचकांनी अनुकूल मते देऊन निष्प्रभ केले. निंदेची आपण शहानिशा करतो आणि स्तुती तपासल्यावाचून पुढे धाडतो, याचे निदान मला तरी नवल वाटले नाही.

हे निर्भेळ लोकराज्य आहे, मध्ये कारभारी कोणी नाही, ही समजूत तर आरंभापासूनच निराधार. २००५ साली रेडिट निघाले तेव्हा पान ओस दिसू नये म्हणून संस्थापकांनीच बनावट नावांनी दुवे भरले होते, आणि ही गोष्ट त्यांच्यापैकी स्टीव्ह हफमन यांनी पुढे उघडपणे सांगितली. हॅकर न्यूजवरही वाचकांच्या तक्रारींवरून दुवे खाली ढकलले जातात. संगनमताने टाकलेली मते वगळली जातात. आणि वाया गेलेले काही चांगले दुवे हुडकून नियामक त्यांना पहिल्या पानाच्या तळाशी पुन्हा एक संधी देतात, मग ते तरोत वा बुडोत.

तेथेच ‘न्यू’ नावाचे एक पान आहे, ज्यावर क्रम केवळ आगमनाचा असतो. जाहिरातबाजी आणि पुनरुक्ती यांचा तेथे सुकाळ आहे, फिरकणारे वाचकही पहिल्या पानाच्या मानाने थोडेच. परंतु जी पहिली चार-दोन मते पुढचा सारा हिशेब ठरवतात, ती बहुधा तेथेच पडतात.