राखीव सैनिक आणि राजकारण : फ्रान्सची सैन्यजुळणी (१९०५–१९१४)

युद्धाचा प्रसंग येताच राखीव सैनिकांना घरून बोलावून, शस्त्रे देऊन, आगगाड्यांनी सीमेवर पोचविण्याची जी पूर्वनियोजित व्यवस्था, तिला येथे 'सैन्यजुळणी' म्हटले आहे. ही निव्वळ लष्करी गणिताची बाब होय, असा समज आढळतो. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या फ्रान्सचे उदाहरण तो दूर करण्यास पुरेसे आहे.

ड्रायफस प्रकरणानंतर प्रजासत्ताकवाद्यांचा अधिकारीवर्गावरील विश्वास उडाला होता. १९०५ च्या कायद्याने सक्तीच्या सेवेची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली. समाजवादी नेते झाँ झोरेस यांच्या मते राखीव सैनिक म्हणजे शस्त्रधारी नागरिक, राष्ट्राचे खरे बळ. उजव्या पक्षांना व बहुतेक सेनानींना मात्र तोच मनुष्य बराकीची शिस्त विसरलेला, म्हणून बिनभरवशाचा वाटे. शब्द एकच, त्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या पक्षावरून ठरे.

जर्मन सैन्य बेल्जममधून मोठा वळसा घेईल, असे जनरल मिशेल यांचे अनुमान होते. म्हणून प्रत्येक नियमित रेजिमेंटला एक राखीव रेजिमेंट जोडावी व फळी बेल्जमच्या सीमेवर लांबवावी, असे त्यांनी १९११ मध्ये सुचविले. वरिष्ठ युद्धमंडळाने जुलैमध्ये ही सूचना फेटाळली. मिशेल यांना पद सोडावे लागले व सूत्रे झोफ्र यांच्याकडे आली. झोफ्र यांना बेल्जममध्ये आपणच प्रथम शिरण्याची मोकळीक हवी होती. इंग्लंडची सहानुभूती गमावू नये म्हणून प्वाँकारे मंत्रिमंडळाने १९१२ मध्ये ती नाकारली. १९१३ मध्ये सेवेची मुदत पुन्हा तीन वर्षांची झाली. त्याच वर्षी संमत झालेल्या 'योजना १७' मध्ये राखीव तुकड्यांना दुय्यम स्थान मिळाले.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनांनी आपल्या राखीव सैन्यदलांना पहिल्या फळीतच उतरविले. फ्रेंच सेनाकार्यालयाने कल्पिले होते त्याहून त्यांची फळी पश्चिमेकडे कितीतरी लांब पसरली. पुढे सप्टेंबरमध्ये मार्नच्या लढाईत फ्रेंच राखीव डिव्हिजनही लढल्या.

यावरून राजकारणाने लष्करी शहाणपणाचा घात केला, असा सरळ निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. बेल्जमविषयीचा नकार राजकीय होता आणि तो दूरदर्शी ठरला. मिशेल यांची सूचना नाकारणारे मंडळ मुख्यतः सेनानींचेच होते. 'तांत्रिक' म्हणविल्या जाणाऱ्या मतातही कोणत्या नागरिकावर विश्वास ठेवावा, याचा राजकीय निर्णय दडलेला होता. सैन्यजुळणीची योजना अभ्यासताना आगगाड्यांची वेळापत्रके पाहण्याआधी हा निर्णय शोधावा.