कॅराव्हॅनमधील वायुसुरक्षा

कॅराव्हॅनमधील वायुसुरक्षा म्हणजे निवासाची सोय असलेल्या वाहनात स्वयंपाक, पाणी तापवणे किंवा फ्रीज यांसाठी लागणाऱ्या द्रवरूप पेट्रोलियम वायूची (एलपीजी) सुरक्षित साठवण, हाताळणी आणि गळतीचा वेळीच शोध. अशा वाहनाला मोटारहोम असेही म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी घाटरस्ता, हिवाळ्यातील गारठा आणि मदतीपासूनचे अंतर यांमुळे हा विषय अधिक महत्त्वाचा ठरतो.

वायूचे गुणधर्म

भारतात मिळणारा एलपीजी हा मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. हवेच्या तुलनेत प्रोपेन सुमारे दीडपट, तर ब्युटेन सुमारे दुप्पट जड असतो. त्यामुळे गळालेला वायू छताकडे न जाता जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्के असताना ठिणगी पडल्यास तो पेट घेतो. ६ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर उंच वाहनात २४ घनमीटर हवा मावते. तिच्यात २ टक्के प्रमाण होण्यास जेमतेम एक किलो वायू पुरतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो. वायू तळाशी साचत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी गळतीही धोकादायक ठरते.

गळतीची कारणे

घरातील जोडणी स्थिर असते. वाहनातील जोडणीला सतत हादरे बसतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या घाटातील वळणांवर नीट न बांधलेला सिलिंडर हलतो, नळीवर ताण येतो आणि सांधे सैल होतात. रबरी नळीला पडलेल्या चिरा, सिलिंडरच्या तोंडातील झिजलेले रबरी वायसर आणि नादुरुस्त रेग्युलेटर ही गळतीची इतर नेहमीची कारणे आहेत. प्रवासात सिलिंडरची झडप बंद ठेवणे हा मूलभूत नियम मानला जातो.

सिलिंडर उभा, पट्ट्याने जखडलेला आणि राहण्याच्या जागेपासून वेगळ्या कप्प्यात असावा. या कप्प्याचे दार बाहेरून उघडणारे व तळाशी झरोका असलेले असते. उंदीर, किडे किंवा थंडी आत येऊ नये म्हणून हा झरोका बुजवल्यास गळालेल्या वायूची बाहेर जाण्याची वाट बंद होते.

थंडीचा परिणाम

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, तर ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास. म्हणून ब्युटेनचे प्रमाण जास्त असलेला सिलिंडर थंड रात्री कमी दाब देतो आणि ज्योत मंदावते. अशा वेळी सिलिंडर आत घेणे किंवा विस्तवाजवळ ठेवून तापवणे अत्यंत धोक्याचे असते.

थंडीत खिडक्या बंद ठेवून शेगडीवर ऊब घेतल्यास दुसरा धोका उद्भवतो. प्राणवायू अपुरा पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी आणि अखेर मृत्यू असा त्याचा परिणाम होतो. पेटती कोळशाची शेगडी आत ठेवल्यासही हेच घडते.

गळती ओळखणे

* वास : एलपीजी मुळात गंधहीन असतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. मात्र झोपेत, सर्दी असताना किंवा वासाची सवय झाल्यावर हा वास जाणवत नाही.
* साबणाचे पाणी : झडप उघडून सांध्यांवर साबणाचा फेस लावल्यास गळतीच्या जागी बुडबुडे येतात. काडी पेटवून तपासणी कधीही करू नये.
* गळतीसूचक यंत्र : एलपीजीसाठीचे यंत्र जमिनीलगत बसवतात. ते छताजवळ लावल्यास इशारा उशिरा मिळतो. कार्बन मोनॉक्साइड हवेत सर्वत्र मिसळत असल्याने त्याचे स्वतंत्र यंत्र झोपण्याच्या जागेजवळ, श्वासाच्या पातळीवर लावतात. एक यंत्र दुसऱ्याचे काम करीलच असे नाही. उत्पादकाने दिलेली मुदत संपल्यावर यंत्र बदलावे लागते.

गळती झाल्यास

सर्व ज्योती विझवून सर्वांना बाहेर काढावे आणि हात पोहोचत असेल तर सिलिंडरची झडप बंद करावी. दिवा, पंखा किंवा पाण्याचा पंप चालू अथवा बंद करू नये, तसेच इंजिन सुरू करू नये. बटणातील लहानशी ठिणगीही पुरेशी असते. दारे-खिडक्या उघडून दूर जावे आणि तेथूनच १९०६ या एलपीजी गळती मदत क्रमांकावर किंवा ११२ वर संपर्क साधावा. मेळघाटातील अनेक भागांत मोबाइल संपर्क मिळत नाही. त्यामुळे तेथे बाहेरून मदत येईल यावर विसंबण्यापेक्षा निघण्यापूर्वीची तपासणी अधिक मोलाची ठरते.

संबंधित दुर्घटना

२६ ऑगस्ट २०२३ रोजी तमिळनाडूतील मदुराई येथे उभ्या असलेल्या एका खासगी पर्यटक रेल्वे डब्यात, नियम मोडून आत नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ प्रवाशांचा मृत्यू झाला. तो रेल्वेचा डबा असला, तरी बंदिस्त जागेतील सिलिंडरचा धोका कॅराव्हॅनमध्येही तसाच असतो.