खरे सांगणारा वैमानिक तोट्यात

तरुणपणी हौसेने वैमानिकाचा परवाना मिळवायचा, पुढे नोकरी आणि मुलाबाळांची शिक्षणे यांत उड्डाण मागे पडायचे आणि साठी उलटल्यावर पुन्हा धावपट्टीकडे वळायचे, असे हौशी वैमानिक अमेरिकेत थोडेथोडके नाहीत. त्यांचा मूळ परवाना कालबाह्य होत नाही. कालबाह्य होतो तो वैद्यकीय दाखला. हा तृतीय श्रेणीचा दाखला चाळिशीच्या आत पाच वर्षे, त्यानंतर दोनच वर्षे चालतो आणि तो सरकारमान्य वैमानिकी डॉक्टरकडूनच घ्यावा लागतो. सिव्हिल सर्जनच्या सहीसाठी ताटकळलेल्या आपल्या वाचकाला हा व्याप निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हा जाच कमी करण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने २०१६ साली कायदा केला आणि १ मे २०१७ पासून 'बेसिकमेड' योजना अमलात आली. दर चार वर्षांनी कोणत्याही परवानाधारक डॉक्टरकडून तपासणी आणि दर दोन वर्षांनी एक अभ्यासक्रम एवढ्यावर छोटे खासगी विमान चालवता येते. हृदयविकाराचा झटका किंवा अपस्मार यांसारख्या मोजक्या विकारांसाठी मात्र एकदा सरकारची विशेष मंजुरी लागते. येथवर सारे शहाणपणाचे आहे.

खरी गोम पुढे आहे. वैमानिकाने जुलै २००६च्या मध्यानंतर केव्हातरी जुना दाखला धारण केलेला असावा आणि त्याचा शेवटचा अर्ज नाकारला गेलेला नसावा, अशी अट आहे. आता एकाच वयाचे, एकाच दुखण्याचे दोघे वैमानिक घ्या. एकाने आपले दुखणे अर्जात प्रामाणिकपणे नमूद केले आणि त्याला नकार मिळाला. दुसऱ्याने अर्जच न करता दाखल्याची मुदत संपू दिली. दुसऱ्याला नव्या योजनेचे दार उघडे. पहिल्याला मात्र आधी सरकारी दाखला पुन्हा मिळवावा लागतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या चाचण्यांचा खर्च त्याच्याच खिशातून! मोटारीच्या परवान्यावर हलकी क्रीडाविमाने चालवण्याची जी मुभा २००४ साली मिळाली, तिच्यातही हीच मेख आहे. आपण उड्डाणास असमर्थ असल्याचे ठाऊक असताना उडू नये, असे नियम बजावतो खरा; पण कोणाला काय ठाऊक आहे, हे तपासणार कोण?

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखवले, त्याची येथे आठवण होते. माहिती एकाच बाजूच्या हाती असली की व्यवहार बिघडतो. येथे तर कायदाच माहिती दडवणाऱ्याला बक्षीस देतो. परिणामी वैमानिक डॉक्टरला टाळू लागतो, आणि ज्या आजाराची वेळीच दखल घ्यायला हवी तो आजारच अंधारात राहतो.

याचा अर्थ तपासणी नकोच, असा नव्हे. विमानाखाली माणसांची वस्ती असते. परंतु निव्वळ वयावरून काही ठरत नाही. विख्यात वैमानिक बॉब हूवर सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना निरीक्षकांनी त्यांच्या क्षमतेविषयी शंका घेतली व त्यांचा वैद्यकीय दाखला गेला. १९९५ साली तो परत मिळाला आणि मधल्या काळात ऑस्ट्रेलियाने त्यांना उडू दिले. नामवंताला झगडण्यासाठी वकील मिळतो, सामान्य हौशी माणसाने काय करावे? जुन्या नकाराच्या कागदाऐवजी आजची प्रकृती पाहावी आणि नाकारल्या गेलेल्यालाही त्याच डॉक्टरच्या दारात उभे राहण्याची मुभा द्यावी, एवढी दुरुस्ती काँग्रेसला सहज करता येईल.