चोरीला गेले काय, बिलात आले काय

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

सकाळी सहाची वेळ. शाळेची मुले आणायला निघालेला एखादा व्हॅनवाला चावी फिरवतो आणि शांत गल्लीत ट्रॅक्टरसारखा आवाज घुमतो. खाली वाकून पाहावे, तर सायलेन्सर गायब! रात्रीतून कोणीतरी बोल्ट सोडून नेलेला. गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे आणि गुजरातमधील शहरांतून मारुती इको गाड्यांच्या बाबतीत असे प्रकार वारंवार घडले आहेत. दुपारी गॅरेजवाला एस्टिमेट हातात ठेवतो. आकडा पाहून त्या माणसाच्या पोटात गोळा येतो. एकाच दिवसात आपण दोनदा लुटले गेलो, असे त्याला वाटते. खरेच तसे असते का? आणि ते ओळखायचे कसे?

एरवी आपल्या हाती एक साधी कसोटी असते. ‘बदललेला जुना पार्ट दाखवा’, असे आपण मेकॅनिकला सांगतो. चोरीत नेमकी हीच कसोटी निकामी होते, कारण जुना पार्ट चोराने नेलेला असतो. काय होते, काय गेले आणि काय मोडले, याचा पुरावा आपणच जपावा लागतो. म्हणून गाडी हलवण्यापूर्वी तिचे खालून, बाजूने, जवळून भरपूर फोटो काढावेत. कापलेली नळी, लोंबणारी वायर, सुटलेले बोल्ट, सारे त्यात दिसू द्यावे. गॅरेजमध्ये गाडी देताना जॉबकार्डवर काय काय नाही, ते लिहून घ्यावे. पुढचा सगळा हिशेब या दोन गोष्टींवर उभा राहतो.

आता आकडा एवढा मोठा का, ते पाहू. चोराला लोखंडी नळकांड्यात रस नसतो. त्याला हवा असतो सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांचे रूपांतर तिथे कमी घातक वायूंत होते. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींपासून त्याची सक्ती सुरू झाली. तेव्हा ‘साध्या नळीचे एवढे पैसे?’ हा प्रश्न इथे लागू पडत नाही. मोठा आकडा म्हणजे लूट, असे लगेच समजू नये.

मग एस्टिमेट तपासायचे कसे? त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा : गेलेले, मोडलेले, चिकटलेले. कन्व्हर्टर हे गेलेले. चोराने घाईत तोडलेली ऑक्सिजन सेन्सरची वायर, फाटलेले रबरी हँगर, वाकलेला पत्रा हे मोडलेले. जोडणी उघडली की गॅस्केट नवे लागतेच, तेही यातच धरावे. पण इंजेक्टर साफ करणे, ऑइल बदलणे, क्लच पाहणे हे चिकटलेले. ती कामे कदाचित गरजेचीही असतील, पण त्यांचा चोरीशी संबंध नाही. ती वेगळ्या कागदावर मागा आणि सवडीने ठरवा.

इथे मेकॅनिकवरही अन्याय नको. नळी मधूनच करवतीने कापली असेल, तर तेवढा तुकडा सुटा मिळेलच असे नाही. अख्खी जुळणी घ्यावी लागू शकते. मोटारीच्या बाजूच्या आरशाचेही तसेच. काच गेली, पण तिच्यामागचा सांगाडा तुटला असेल, तर नुसती काच बसणार नाही. अशा वेळी ‘सुटा भाग का चालणार नाही, ते गाडीवर दाखवा’, एवढेच म्हणावे. प्रामाणिक कारागीर दाखवतो.

किमतीची खात्री त्याहून सोपी. प्रत्येक भागाचा पार्ट नंबर एस्टिमेटवर लिहून मागा आणि तोच नंबर दुसऱ्या दुकानात विचारा. छापील कमाल किंमत सर्व करांसह असते. तिच्यावर पुन्हा जीएसटी लावला असेल, तर ते चूक आहे. बहुतेक सुट्या भागांवर पूर्वी २८ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. गॅरेजने कर लावला असेल, तर बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक हवा. मजुरीबाबत एकच प्रश्न विचारा : तास किती आणि तासाचा दर काय? जे काम चोराने अंधारात उरकले, ते उलटे करायला पूर्ण दिवस का लागतो, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

फार स्वस्त एस्टिमेटपासूनही सावध राहावे. ‘आत काही नसलेली नळी बसवतो, गाडी पळेल,’ असे सांगणारे भेटतात. गाडी पळते खरी, पण पीयूसी चाचणीत अडकण्याची भीती राहते आणि प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. बिलाविना मिळणारा ‘जुना पण ओरिजिनल’ पार्ट तर दुसऱ्या कोणाच्या व्हॅनखालचा असू शकतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हाच आहे.

गॅरेजमध्ये पहिला प्रश्न बहुधा येतो, ‘इन्शुरन्स आहे का?’ आधी रोखीचा अंदाज मागा, विम्याचे नंतर बोला. दावा करायचा असेल, तर पोलिसांत तक्रार द्या, विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर पाहीपर्यंत काम सुरू करू नका. नेहमीच्या पॉलिसीत पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागावर ४० टक्के घसारा कापला जातो. शिवाय नो क्लेम बोनस जातो. समजा, गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता बारा हजार आहे आणि ५० टक्के सवलतीमुळे आपण सहा हजार भरतो. दाव्यानंतर सवलत शून्यावर येते आणि २०, २५, ३५, ४५ अशी चढत सहाव्या वर्षी पुन्हा ५० होते. हप्ता तोच राहिला, तरी मधल्या पाच वर्षांत पंधरा हजार रुपये जादा जातात. हातात त्याहून कमी येणार असेल, तर दावा न केलेला बरा.

व्हॅनवाल्याची खरी अडचण वेळेची असते. गाडी उभी राहिली की रोजची कमाई बुडते आणि म्हणूनच तो पहिल्या कागदावर सही करतो. पण दुसऱ्या गॅरेजचे मत घ्यायला गाडी ओढून न्यावी लागत नाही. सकाळी काढलेले फोटो आणि पार्ट नंबरांची यादी घेऊन तासाभरात दोन ठिकाणी विचारता येते. चोराने गाठले, ते आपण झोपेत असताना. बिलावर सही मात्र आपण जागेपणी करणार असतो.